पूर्णेचा खारपाणपट्टा : वऱ्हाडातील खाऱ्या भूमीचे भूदृश्य, जीवसृष्टी आणि जलप्रश्न

प्रस्तावना

खारी जमीन म्हटली की समुद्रकिनारा डोळ्यांसमोर उभा राहतो. कोकणातील खाजणे, खाड्यांच्या काठची तिवरांची राने, भरतीच्या पाण्यावर पिकणारी मिठागरे ही महाराष्ट्रातील खाऱ्या भूमीची परिचित रूपे होत. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि २०२२ मध्ये रामसर करारांतर्गत आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता मिळाल्यापासून किनाऱ्यावरील दलदलीच्या संरक्षणाची जाणीवही वाढीस लागली आहे. परंतु समुद्रापासून चारशे किलोमीटरहून अधिक दूर, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे ते तीनशे मीटर उंचीवर वसलेल्या वऱ्हाडात एक विस्तीर्ण खारा प्रदेश आहे, याची दखल जिल्ह्याबाहेर फारशी घेतली जात नाही. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेला हा प्रदेश 'खारपाणपट्टा' या नावाने ओळखला जातो.

या पट्ट्याविषयीचे बहुतेक लेखन कृषी अथवा पाणीपुरवठा या दोन विषयांपुरते मर्यादित राहिलेले दिसते. खारपाणपट्टा म्हणजे एक दोष, आणि तो दूर करणे म्हणजे विकास, अशी धारणा त्यामागे आहे. या धारणेत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. कारण खाऱ्या पाण्याचे दुःख येथील माणसाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. तथापि ही भूमी कशी घडली, तिच्यात कोणती जीवसृष्टी नांदते आणि माणसाने तिच्याशी कसे जुळवून घेतले, हे समजून घेतल्याविना केलेला उपाय अपुरा ठरण्याचा, प्रसंगी उलटण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात खारपाणपट्ट्याचे भूदृश्य, खारेपणाची कारणे, तेथील वनस्पती व प्राणिजीवन आणि पाण्याचा प्रश्न यांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

भौगोलिक स्थान व भूरचना

पूर्णा ही तापीची प्रमुख उपनदी होय. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत उगम पावून ती अमरावती जिल्ह्यात मैदानावर उतरते आणि पश्चिमवाहिनी होऊन अकोला व बुलढाणा जिल्हे ओलांडून जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीस मिळते. उत्तरेकडून चंद्रभागा, शहानूर, वान या नद्या, तर दक्षिणेकडून पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा, मन या नद्या तिला येऊन मिळतात. उत्तरेस गाविलगडचे डोंगर आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेचे पठार यांच्यामधील हा सखल प्रदेश जुन्या कागदपत्रांत 'पायनघाट' म्हणून उल्लेखिला जातो.

भूशास्त्रीय दृष्ट्या हे खोरे दख्खनच्या इतर खोऱ्यांहून वेगळे आहे. दख्खनच्या बहुतेक नद्या बेसाल्ट खडकावरील पातळ मातीतून वाहतात. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र गाविलगडच्या पायथ्याशी असलेल्या मोठ्या प्रस्तरभंगामुळे जमीन खचली आणि त्या खचलेल्या द्रोणीत लक्षावधी वर्षे गाळ साचत गेला. वाळू, रेती, चिकणमाती आणि चुनखडीचे खडे यांचे हे थर काही ठिकाणी शेकडो मीटर जाडीचे आहेत. डोंगराच्या अगदी पायथ्याशी नद्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा उताराचा पट्टा आहे. त्यात पावसाचे पाणी झटकन मुरते आणि ते गोडे राहते. अचलपूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा या भागांतील संत्र्याच्या बागा व पानमळे या गोड्या पाण्यावर उभे राहिले. त्याच्या दक्षिणेस अवघ्या काही किलोमीटरवर जमीन सपाट होते, माती काळी व चिकट होते आणि विहिरीचे पाणी खारे लागू लागते. एकाच तालुक्यात उत्तरेकडे बागायत आणि दक्षिणेकडे पिण्याच्या पाण्याची वाण, हे दृश्य त्यामुळेच दिसते.

खारपाणपट्ट्याचा विस्तार सामान्यतः सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर आणि गावांची संख्या ८९४ अशी सांगितली जाते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात निवडलेल्या ५,१४२ गावांपैकी ९३२ गावे पूर्णा खोऱ्यातील क्षारयुक्त पट्ट्यातील होती. दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जी, मूर्तिजापूर, अकोला, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर, नांदुरा आदी तालुके पूर्णतः वा अंशतः या पट्ट्यात येतात.

प्रथमदर्शनी हा प्रदेश एकसुरी वाटतो. क्षितिजापर्यंत पसरलेले काळे रान, मधूनच बाभळींची रांग, आणि 'काळी'हून किंचित उंच अशा 'पांढरी'वर वसलेले गाव, एवढेच काय ते दिसते. परंतु नदीजवळ गेल्यावर चित्र पालटते. मऊ गाळात पूर्णेने खोल पात्र कोरले आहे. पावसाळ्यात वाहून येणाऱ्या पाण्याने काठच्या जमिनीत असंख्य घळी पाडल्या आहेत. त्या काठांपासून मागे मागे सरकत शेते गिळत जातात. शेतीस निरुपयोगी ठरलेल्या या घळी वन्य प्राण्यांना मात्र आसरा देतात. भातकुली तालुक्यातील ऋणमोचन येथे पौष महिन्यातील यात्रेस येणाऱ्या भाविकांचे काठच्या चिखलात हाल होत, म्हणून संत गाडगेबाबांनी तेथे पूर्णेवर घाट बांधला. या मातीचा स्वभाव सांगणारा याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल.

खार आला कोठून?

या प्रदेशाच्या खारेपणाने अभ्यासकांचे लक्ष फार पूर्वी वेधून घेतले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात ए. बी. विन यांनी १८६९ मध्येच पूर्णा खोऱ्याच्या भूरचनेवर टिपण लिहिले होते. येथे एके काळी समुद्र असावा, अशी समजूत सर्वसामान्यांत आजही ऐकू येते. परंतु साचलेला गाळ हा नद्यांनी आणलेला आहे आणि खारेपणाचे स्पष्टीकरण देण्यासाठी समुद्राची आवश्यकता नाही, असे आधुनिक मृदाशास्त्र सांगते. हे स्पष्टीकरण थोडे विस्ताराने पाहणे उपयुक्त ठरेल.

बेसाल्ट खडक झिजताना त्यातील खनिजांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम ही द्रव्ये सुटी होतात. भरपूर पावसाच्या प्रदेशात ती पाण्याबरोबर वाहून जातात. वऱ्हाडात मात्र पाऊस बेताचा असून तो पूर्वेकडून पश्चिमेकडे कमी होत जातो, आणि उन्हाळा अत्यंत कडक असतो. जमिनीतून वर्षभरात उडून जाऊ शकणारे पाणी पडणाऱ्या पावसापेक्षा कितीतरी अधिक असते. पाणी उडून जाते तेव्हा कॅल्शियम हा चुन्याच्या रूपाने खाली बसतो. शेतात आणि नदीकाठच्या दरडींत दिसणारे पांढरे खडे ते हेच. कॅल्शियम अशा रीतीने बाजूला पडल्यावर उरलेल्या ओलाव्यात सोडियमचे प्रमाण वाढते आणि तो मातीच्या कणांना चिकटून बसतो. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोमधील डी. के. पाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णा खोऱ्यातील काळ्या मातीवर केलेल्या संशोधनातून ही प्रक्रिया स्पष्ट झाली.

सोडियम चिकटलेली चिकणमाती पाणी लागताच फुगते, तिचे कण विखुरतात आणि पाणी मुरण्याच्या सूक्ष्म वाटा बुजतात. वरून जमीन भिजलेली दिसते, पण दोन हातांवर ती कोरडीच असते. निचरा होत नाही, म्हणून क्षार वाहून जात नाहीत. क्षार वाहून जात नाहीत, म्हणून निचरा आणखी बिघडतो. हे दुष्टचक्र या भूमीच्या मुळाशी आहे. मातीच्या कणांवरील विनिमयशील सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक झाल्यास जमीन चोपण समजावी, असा अमेरिकेत १९५४ मध्ये रूढ झालेला निकष जगभर वापरला जातो. पूर्णा खोऱ्यातील मातीत मात्र हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास पोहोचताच निचरा ढासळू लागतो, असे उपरोक्त संशोधनात आढळले. म्हणजे बाहेरच्या निकषांवर 'चांगली' ठरणारी जमीन प्रत्यक्षात आजारी असू शकते. स्थानिक अभ्यासाचे महत्त्व यावरून लक्षात यावे.

किनाऱ्यावरील खाजण आणि वऱ्हाडातील खारपाण यांतील मूलभूत फरकही येथेच स्पष्ट होतो. किनाऱ्यावर खार समुद्रातून येतो आणि दिवसातून दोनदा भरती-ओहोटीबरोबर ये-जा करतो. ते पाणी आपल्याबरोबर गाळ, अन्नद्रव्ये आणि मत्स्यबीजही आणते. खारपाणपट्ट्यात खार जमिनीच्या पोटात आहे. तो उन्हाळ्यात केशाकर्षणाने वर चढतो, पावसाळ्यात थोडा खाली जातो. पण त्याला बाहेर नेणारी ओहोटी नाही.

वनस्पतिजीवन

किनाऱ्यावरील दलदलीत तिवर, कांदळ, मारांदी यांसारख्या खास क्षारसहिष्णु वनस्पतींचे राज्य असते. खारपाणपट्ट्यात तशी स्वतंत्र वनश्री आढळत नाही, कारण येथील जमिनीचा वरचा थर पावसाळ्यात बऱ्यापैकी गोडा असतो आणि तो शतकानुशतके नांगराखाली आहे. तरीही चाणाक्ष नजरेला खाराच्या खुणा वनस्पतींत दिसतात. महाराष्ट्रात आटत्या तळ्यांच्या तळाशी व खारवट चिकणमातीत रुदंती ही बुटकी, राखट पानांची वनस्पती पसरते. तिच्या पानांवरील ग्रंथी अतिरिक्त क्षार पाण्यासह बाहेर टाकतात. पहाटे पानांवर दिसणाऱ्या या थेंबांवरूनच तिला 'रडणारी' असे नाव पडले असावे. नाल्यांच्या डबक्यांत पाणकणीस व लव्हाळा, बांधांवर हरळी, आणि नांगराला दाद न देणारा खोल मुळांचा कुंदा हे गवत, ही काळ्या रानाची नित्याची सोबत होय.

या प्रदेशाचा खरा वृक्ष म्हणजे बाभूळ. चोपण व पाणथळ जमीन सहन करण्याची तिची क्षमता मोठी आहे. तिची मुळे जमिनीत नत्र स्थिर करतात. शेंगा शेळ्यामेंढ्यांना चारा पुरवितात. लाकडापासून वखर, तिफण आणि बंडीची चाके घडविली जातात. मैदानी वऱ्हाडात इंग्रजी अमदानीपासून 'बाभूळबन' या नावाने लहान लहान राखीव वनखंड सांभाळले गेले. मेळघाटच्या सागवनांच्या तुलनेत त्यांचे क्षेत्र नगण्य होते. परंतु शेतीच्या महासागरात ती बेटेच होती. आज यांपैकी अनेक ठिकाणी मूळची अमेरिका खंडातील वेडी बाभूळ शिरली आहे. ती खार सहज सहन करते, जळणास उपयोगी पडते, परंतु तिच्या दाटीखाली गवत वाढत नाही. गवत गेले की गवतावर जगणारी अवघी जीवसृष्टी जाते.

पिकांच्या निवडीतही खाराशी जुळवून घेतलेले दिसते. देशी कापूस, ज्वारी, मूग आणि पावसाळ्यात साठलेल्या ओलीवर येणारा हरभरा ही या पट्ट्याची परंपरागत पिके होत. देशी कापसाची सोटमुळे खोल जातात आणि तो ताण व खारेपणा यांस संकरित वाणांपेक्षा अधिक तोंड देतो. अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'एकेए-७', 'एकेए-८४०१' यांसारखे देशी वाण विकसित केले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर मात्र देशी कापसाचे क्षेत्र झपाट्याने आटले.

प्राणिजीवन

खारपाणपट्ट्यात एकही मोठे अभयारण्य नाही. उत्तरेस मेळघाट व्याघ्र प्रकल्प आणि नरनाळा, दक्षिणेस काटेपूर्णा अभयारण्य. मधला हा पट्टा वन्यजीवांच्या नकाशावर कोराच असतो. वस्तुस्थिती तशी नाही. शेते, पडीक जमिनी, नदीकाठच्या घळी आणि बाभूळबने मिळून येथे मोकळ्या मैदानातील जीवांचा एक स्वतंत्र समाज नांदतो. काळवीट हा त्याचा सर्वांत देखणा प्रतिनिधी. दूरवर पाहता येईल अशी सपाट, उघडी जमीन त्याला लागते आणि खारपाणपट्टा ती पुरवितो. रोही व रानडुक्कर नदीकाठच्या झुडपांत दिवस काढून रात्री शेतात उतरतात. कोल्हा, खोकड, रानमांजर, ससा आणि क्वचित लांडगा यांचाही येथे वावर आहे.

काळ्या मातीतील उन्हाळी भेगा हे या भूदृश्याचे खास वैशिष्ट्य आहे. चैत्र-वैशाखात माणसाचा हात सहज जाईल इतक्या रुंद आणि मीटरभर खोल भेगा पडतात. शेतातील उंदीर, सरडे, साप, विंचू व असंख्य कीटक यांना कडक उन्हात त्या आसरा देतात. या उंदीर-कीटकांवर शिकारी पक्षी पोसले जातात. हवेत एका जागी फडफडत स्थिर राहून उंदरावर झेप घेणारी पांढरी-राखी कापशी घार कापसाच्या या मुलखात सर्वत्र आढळते. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या पक्षी उभ्या पिकांवरून अगदी खालून घिरट्या घालताना दिसतात. ते टोळ व नाकतोडे मोठ्या प्रमाणावर खातात, त्यामुळे शेतकऱ्याला त्यांचा लाभच होतो. चंडोल, लावा, धाविक, पखुर्डी हे जमिनीवर घरटी करणारे पक्षी पडीक रानावर अवलंबून असतात.

मोकळ्या माळांवरील पक्ष्यांपैकी सर्वांत संकटात सापडलेला पक्षी म्हणजे तणमोर. पावसाळ्यात उंच गवतातून वारंवार उडी घेत मादीला साद घालणारा हा लहान माळढोकवर्गीय पक्षी आज जगातील अतिसंकटग्रस्त जातींमध्ये गणला जातो. अकोला-वाशीम परिसरातील माळरानांवर त्याच्या नोंदी झाल्या आहेत. परंपरेने शिकार करणाऱ्या फासेपारधी समाजाच्या ज्ञानाचा आधार घेऊन गवताळ माळ व तणमोर राखण्याचे काम 'संवेदना' या संस्थेने या भागात केले आहे. ज्यांना दीर्घकाळ वन्यजीवांचे शत्रू मानले गेले, त्यांनाच गवताचे राखणदार करण्याचा हा प्रयत्न उल्लेखनीय होय.

या सर्व जीवांचा आधार म्हणजे गावोगावची 'ई-क्लास' जमीन. महसुली वर्गीकरणातील ही चराईची सरकारी जमीन वऱ्हाडातील गवताचे शेवटचे आगर होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकात रेल्वे वऱ्हाडात पोहोचली आणि मोकळी राने झपाट्याने नांगराखाली आली. उरलेली ई-क्लास जमीन पुढे अतिक्रमणे, वसाहती आणि मुरूम-मातीचे उत्खनन यांत घटत गेली. गवत हरपल्यावर काळवीट व रोही पिकांकडे वळले यात नवल नाही. रात्रभर जागल करणारा शेतकरी आणि कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने संरक्षित असलेले काळवीट यांच्यातील संघर्ष हा मुळात नष्ट झालेल्या गवताचा प्रश्न आहे. केवळ कुंपण अथवा नुकसानभरपाई यांनी तो सुटणारा नाही.

मीठ, पाणी आणि माणूस

खार हा येथे एके काळी उपजीविकेचाही विषय होता. अकोला जिल्ह्यातील दहीहांडा परिसरात खोल विहिरी खणून त्यांतील खारे पाणी उन्हात आटवून मीठ तयार केले जात असे. इंग्रजी राजवटीत मीठ हा सरकारी मक्तेदारीचा विषय झाल्यावर हा उद्योग लोपला. त्याच दहीहांड्याने १९३० मध्ये इतिहासात स्थान मिळविले. महात्मा गांधींनी ६ एप्रिल रोजी दांडी येथे मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडाला समुद्र नव्हता. परंतु खाऱ्या विहिरी होत्या. त्याच महिन्यात दहीहांडा येथे विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करून वऱ्हाडातील सत्याग्रहींनी कायदेभंग केला. ज्या पाण्याला लोक नावे ठेवीत, तेच पाणी राष्ट्रीय आंदोलनाचे साधन बनले.

दैनंदिन जीवनात मात्र खाऱ्या पाण्याने दिले ते कष्टच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असावे आणि अन्य स्रोत नसल्यास ते २,००० मिलिग्रॅमपर्यंत चालू शकते. खारपाणपट्ट्यातील अनेक विहिरी व कूपनलिका ही उच्च मर्यादाही ओलांडतात. अशा पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि तहानही भागत नाही. मूत्रपिंडाच्या विकारांमुळे या पट्ट्यातील गावे वारंवार चर्चेत आली आहेत. सोयरीक जुळविताना 'गावचे पाणी कसे आहे' हा प्रश्न येथे सहज विचारला जातो, तो उगाच नव्हे.

यावर पहिला उपाय म्हणून बाहेरून गोडे पाणी आणण्यात आले. काटेपूर्णा धरणावर आधारित खांबोरा येथील ६४ खेडी योजना आणि वान धरणावर आधारित अकोट-तेल्हारा भागातील ८४ खेडी योजना या त्यांपैकी प्रमुख होत. या योजनांनी मोठा दिलासा दिला, हे मान्य करावे लागेल. परंतु नळ आठवडाभर कोरडा राहिला की लोकांना पुन्हा खाऱ्या विहिरीकडेच वळावे लागते. शिवाय वानचे पाणी सिंचनाला की पिण्याला, असा वाद लाभक्षेत्रातील शेतकरी आणि खारपाणपट्ट्यातील गावे यांच्यात उभा राहिला. दोन्ही पक्षांची गरज खरी आहे, म्हणूनच हा वाद अवघड आहे.

हस्तक्षेपाची दिशा

खारपाणपट्ट्यातील शेतीला पाणी देण्यासाठी पूर्णेवर घुंगशी, नेर-धामणा, काटीपाटी यांसारखे बंधारे हाती घेण्यात आले. नदीचे पावसाळी गोडे पाणी अडवून शेतात नेणे, ही कल्पना स्वागतार्ह आहे. येथे एक सावधगिरी मात्र आवश्यक ठरते. ज्या जमिनीत निचरा होत नाही, तिला केवळ पाणी देत राहिल्यास भूजलाची पातळी वर येते आणि पोटातील खार पृष्ठभागावर येऊन बसतो. निचऱ्याविना सिंचन झाल्याने सुपीक जमिनी नापीक झाल्याची उदाहरणे पंजाबपासून पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या पट्ट्यापर्यंत उपलब्ध आहेत. तेव्हा कालव्याआधी चर, आणि पाण्याबरोबर जिप्सम, हा क्रम पाळणे श्रेयस्कर होय. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेतो आणि सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो; पण त्याला निघून जाण्यास वाट असेल तरच. ढैंचासारखी हिरवळीची पिके आणि रुंद वरंबा-सरी पद्धत याच तत्त्वावर साहाय्यभूत ठरतात.

शेततळे हा या पट्ट्यास विशेष अनुरूप असा उपाय आहे. ज्या चिकणमातीमुळे निचऱ्याचा प्रश्न उभा राहतो, तीच माती शेततळ्यातील पाणी पाझरू देत नाही. इतरत्र प्लॅस्टिकच्या अस्तरावर खर्च करावा लागतो. येथे अस्तराविनाही पावसाचे पाणी बराच काळ टिकते आणि खरिपात एक-दोन संरक्षित पाळ्या देता येतात. तळे खोदताना खाऱ्या भूजलाच्या पातळीपर्यंत जाऊ नये, एवढी दक्षता पुरेशी असते. ही तळी हिवाळ्यात बदके, तुतारी, धोबी यांसारख्या पाहुण्या पक्ष्यांसाठी लहान पाणथळी ठरतात. शेती आणि जीवसृष्टी यांचे हित एकाच खड्ड्यात साधल्याचे हे उदाहरण होय.

याच वऱ्हाडातील लोणार सरोवराशी तुलना येथे उद्बोधक ठरते. उल्काघाताने बेसाल्टात पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातील हे पाणी खारे व तीव्र अल्कधर्मी आहे. त्यात मासे जगत नाहीत. परंतु सूक्ष्म जीवांची समृद्ध सृष्टी नांदते. जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झाले तेव्हा सर्वत्र कुतूहल निर्माण झाले आणि त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. लोणारचा खार हा वारसा ठरला आणि पूर्णेचा खार ही व्यथा. एकीकडे नेत्रदीपक विवर आहे, दुसरीकडे माणसे राहतात आणि शेती करतात, हे या फरकाचे कारण आहे. परंतु पाणी बाहेर जाण्यास वाट नसली की क्षार साचतात आणि त्या क्षारांभोवती जीवनाची नवी रचना उभी राहते, हे सूत्र दोहोंना सारखेच लागू पडते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पूर्णेचा खारपाणपट्टा हा प्राचीन समुद्राचा अवशेष नसून खचलेली द्रोणी, बेसाल्टचा गाळ, बेताचा पाऊस आणि तीव्र बाष्पीभवन यांच्या संयोगातून घडलेला प्रदेश आहे. ही प्रक्रिया थांबलेली नाही. चुकीच्या सिंचनाने तिचा वेग वाढू शकतो आणि योग्य निचऱ्याने तो कमी होऊ शकतो. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न हा सर्वांत निकडीचा असून त्यासाठी दूरच्या धरणांबरोबरच गावातील पावसाचे पाणी साठविण्यावर भर देणे इष्ट होय. जमीन सुधारताना ई-क्लास गवताळ जमिनी, बाभूळबने आणि नदीकाठच्या घळी यांना 'पडीक' समजून त्यांचा बळी देऊ नये. कारण तीच या पट्ट्यातील वन्य जीवांची उरलेली घरे आहेत.

या कार्यात खारपाणपट्ट्यातील महाविद्यालयांना महत्त्वाची भूमिका बजावता येईल. रसायनशास्त्र विभागाने परिसरातील विहिरींच्या क्षारतेची दर ऋतूत नोंद ठेवावी. वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनी ई-क्लास जमिनींवरील गवते व पक्षी यांच्या याद्या वर्षानुवर्षे अद्ययावत कराव्यात. भूगोल विभागाने घळींच्या वाढीचे मोजमाप करावे. इतिहास व मराठी विभागांनी मिठाच्या विहिरी आणि पाण्याविषयीच्या लोकस्मृती वृद्धांच्या तोंडून टिपून ठेवाव्यात. यांपैकी कोणत्याही कामास मोठ्या अनुदानाची वा महागड्या उपकरणांची आवश्यकता नाही. सातत्याची मात्र आहे. दहा-पंधरा वर्षांच्या अशा नोंदी हाती असतील, तर बंधाऱ्याचे पाणी शेतात पोहोचल्यावर त्या शेतात आणि शेजारच्या विहिरीत नेमके काय बदलले, हे गावकऱ्यांना पुराव्यानिशी सांगता येईल.